रोजच्या कामाला ॲडमिन खातं कशाला?

घरात नवा कॉम्प्युटर आला की दुकानदारच विंडोज चालू करून देतो, एक खातं उघडतो, ॲन्टिव्हायरस टाकतो. सुरक्षेची काळजी मिटली, असं आपण धरून चालतो. पण ते पहिलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असतं. पुढे मुलांचे गेम, बँकेचे व्यवहार, झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह, सगळं त्यातूनच चालतं.

कुठलाही प्रोग्रॅम ज्या खात्यातून सुरू होतो, त्या खात्याचे अधिकार त्याला मिळतात. व्हायरसही त्याला अपवाद नाही. ॲडमिन खात्यात परवानगीची चौकट येते, पण सवयीने ‘येस’ दाबलं की त्याला विंडोजच्या मूळ फायलींपर्यंत वाट मिळते. मर्यादित अधिकारांच्या स्टँडर्ड खात्यात तीच चौकट ॲडमिनचा पासवर्ड मागते आणि तिथे हात थबकतो. प्रत्येक प्रोग्रॅमला कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं. घरोघरी मात्र ते अजून पोचलेलं नाही.

मग ॲन्टिव्हायरस कशाला? तो फायलींमध्ये माहीत असलेल्या व्हायरसच्या खुणा शोधतो आणि प्रोग्रॅमच्या संशयास्पद हालचालींवर नजर ठेवतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा ॲन्टिव्हायरस आधीपासूनच असतो. दुसरा बसवायचा तर एकच बसवावा. दोन एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. अगदी नवा व्हायरस मात्र कोणाच्याही नजरेतून निसटू शकतो.

अपडेटला तर पर्यायच नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने दीडशेहून अधिक देशांतले कॉम्प्युटर गाठले. त्याला कोणी काही क्लिक करण्याची गरजच नव्हती. विंडोजमधल्या एका त्रुटीतून तो आपोआप शिरत होता. ती त्रुटी बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते वेळेवर घेतलं, त्यांच्याकडे ही वाट बंद होती.

खातं बदलणं सोपं आहे, फक्त क्रम पाळावा. सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स’मध्ये आधी एक नवं खातं उघडून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा आणि पक्का पासवर्ड द्या. मग त्या खात्यात शिरून तुमचं जुनं खातं स्टँडर्ड करा. फोटो आणि फायली जागच्या जागी राहतात. मुलांना आणि आजी-आजोबांना स्वतंत्र स्टँडर्ड खाती द्या. नवा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा.

एक मर्यादा लक्षात असू द्या. खंडणी मागणारा व्हायरस स्टँडर्ड खात्यातूनही तुमचे स्वतःचे फोटो आणि कागदपत्रं कुलूपबंद करू शकतो, कारण ती बदलण्याचा अधिकार त्या खात्याला असतोच. म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. कॉम्प्युटर पुन्हा विकत घेता येतो. लेकराच्या बारशाचे फोटो नाही.