नाक शिंकरू नकोस

उरवड्याच्या एका कारखान्यातली रात्रपाळी संपवून पिरंगुटकडे निघालेला तरुण दुचाकी घसरून तोंडावर आपटला. शुद्धीवर होता, चालत घरी गेला. तिथे रक्त काढायला त्याने जोरात नाक शिंकरलं आणि डावा डोळा क्षणात फुगून मिटला. त्या डोळ्याला घाबरून घरचे त्याला आमच्या अपघात विभागात घेऊन आले.

पापणीवर बोट टेकवलं, तर कातडीखाली चुरमुऱ्यांसारखं कुरकुरलं. रक्ताने आलेली सूज अशी वाजत नाही. डोळ्याची खोबण आणि नाकालगतच्या पोकळ्या यांच्यामधलं हाड कागदाएवढं पातळ असतं. ते तडकलं, की शिंकरताना नाकातली हवा आत घुसते आणि कधी कधी तिथेच कोंडते. म्हणून चेहऱ्याला मार लागला की नाक शिंकरायचं नाही, हे मदतीला धावणाऱ्या पहिल्या माणसाला ठाऊक असायलाच हवं.

पापणी हलकेच उघडून आधी नजर तपासली. कोंडलेल्या हवेचा दाब वाढून नजर जाऊ लागली, तर स्कॅनसाठी थांबायचं नसतं. डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करावा लागतो. याची नजर शाबूत होती.

सीटीत हवा काळीभोर दिसते. डोळ्यामागे ती होतीच, पण कपाळाच्या हाडामागे, मेंदूलगतही काळे ठिपके होते. कपाळातल्या पोकळीची मागची भिंत फुटली होती, मेंदूचं आवरण फाटलं होतं. त्या ठिपक्यांपेक्षा मला त्या वाटेची काळजी जास्त: तिथूनच जंतू आत जातात, मेंदूभोवतालचं पाणी नाकातून गळतं. अशा रुग्णाच्या नाकातून नळी घालायची नाही. फुटलेल्या हाडातून ती कवटीत शिरू शकते.

"हवा काढणार कशी?" आईने विचारलं.

"काढावी लागणार नाही, मावशी. रक्त हळूहळू शोषून घेतं."

१९१८ साली वॉल्टर डँडी या अमेरिकी शल्यविशारदाने तर मेंदूच्या पोकळ्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून त्यांत मुद्दाम हवा भरली होती. इथे उशाकडची बाजू उचलली, मास्कने प्राणवायू लावला. त्याने रक्तातला नायट्रोजन कमी होतो आणि अडकलेली हवा लवकर विरते. ती वाढून मेंदूवर दाब आला असता, तर मात्र शस्त्रक्रियाच.

घरी सोडताना सांगितलं: शिंक तोंड उघडून द्यायची, कुंथायचं नाही, विमान नाही. ताप, गुंगी, मान आखडणं, नाकातून खारट पाणी, यातलं काहीही झालं तर मध्यरात्रीही यायचं.

"भातलावणी तोंडावर आलीय."

"वाकायचं काम यंदा दुसऱ्याला द्या, मावशी."