दुधाचे दात, पक्कं दुखणं

तोंडचं आरोग्य : भाग ६

मागच्या भागात कीड कशी लागते ते पाहिलं. दातावरच्या थरातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात. त्या थराचा सामू साधारण ५.५ च्या खाली घसरला की दातातले क्षार विरघळू लागतात. लाळ हे आम्ल धुऊन काढते, क्षार थोडेफार परतही देते, पण तिला त्यासाठी अर्धा-पाऊण तास निवांत मिळायला हवा. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हा हिशेब मोठा.

हा हिशेब जगाला नीट कळला तो स्वीडनमध्ये. लुंडजवळच्या विपेहोल्म या संस्थेतल्या मतिमंद रुग्णांना १९४० च्या दशकात दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफ्या खाऊ घातल्या गेल्या आणि त्यांचे दात भराभर किडले. ज्यांना हो-नाही म्हणता येत नव्हतं, त्यांच्या दातांच्या मोलावर मिळालेलं हे ज्ञान आहे. आपण ते वापरतो, तेव्हा एवढं तरी माहीत असावं.

आता आपल्या घरात येऊ. दोन वर्षांच्या मुलाच्या वरच्या पुढच्या चार दातांचे तपकिरी खुंट उरलेत आणि खालचे दात मात्र शाबूत आहेत, असं दिसलं की दंतवैद्य आईला विचारतात, ‘रात्री बाटली देता का?’ बाटली ओढताना खालच्या दातांवर जीभ येते, शिवाय लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात. वरच्या दातांना असा आडोसा नाही. झोपेत लाळही अगदी कमी सुटते, त्यामुळे साखर घातलेलं दूध रात्रभर तिथे साचून राहतं. चोखणीला मध लावणं तर दुहेरी वाईट. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्याची कारणं दातांपलीकडची आहेत.

यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं : ‘दुधाचेच आहेत, पडणारच!’ मला हे वाक्य सगळ्यात महाग वाटतं. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेने मूल सहा-सात वर्षं कसं जेवणार? ते एकाच बाजूने चावतं, पोळी-भाजी टाळून बिस्किट चहात बुडवून खातं, आणि कीड आणखी वाढते. मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या पक्क्या दातावर डाग किंवा खळगा राहू शकतो. दाढ अवेळी काढावी लागली तर शेजारचे दात सरकून जागा बळकावतात.

कीड पहिल्यांदा काळी नसते, पांढरी असते. वरचा ओठ उचलून पाहा : हिरडीलगत खडूसारखी पट्टी दिसली तर तिथे खड्डा पडायचा आहे, म्हणजे कीड अजून परतवता येते. रात्रीची बाटली बंद, दोनदा ब्रश आणि दवाखान्यात फ्लोराइडचं व्हार्निश, एवढ्यावर बहुधा भागतं. पेस्ट साधारण १००० पीपीएम फ्लोराइडची हवी; तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर पेस्ट मुलांसाठी नव्हे. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं; तिथे पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

खड्डा पडला असेल तर तो किती खोल, त्यावर इलाज. वरवरचा असेल तर सिमेंट भरतात. मूल खुर्चीत बसतच नसेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब लावून कीड थोपवता येते. सुई नाही, मशीन नाही. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो, आणि काळ्या दातापेक्षा दुखरा दात बरा म्हणणारे पालकही भेटतात. कीड नसेपर्यंत पोहोचली तर नस साफ करून दाढेवर स्टीलची टोपी बसवतात. पक्का दात येईपर्यंत ती टिकते आणि दाढेबरोबरच पडते.

गाल सुजला असेल तर मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकवर थांबू नका. सूज उतरते, पण पुवाचं मूळ दातातच राहतं. ताप, तोंड उघडेनासं होणं, गिळायला त्रास, डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरणारी सूज यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचं. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी ठेवू नये. कातडी भाजते, आणि लहान मुलांना ती तशीही देत नाहीत.

सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे एक दाढ येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, म्हणून तिलाही दुधाचीच समजून सोडून दिलं जातं. ती पक्की असते, जन्मभराची. तिच्या खोल खाचा कोरड्या करून सीलंटने बुजवता येतात, आणि हे ती पुरती वर आल्यावर लवकर केलेलं बरं. मोठ्यांच्या रूट कॅनालचं पुढच्या आठवड्यात.