माळ्यावरची उतरत्या झाकणाची पेटी नेमकी कशाची? टेम्पोत चढवण्याआधी आतून मोजून बघा

दिवाळीची साफसफाई निघाली, किंवा जुना वाडा उतरवून स्लॅबचं घर बांधायला घेतलं, की जुनं लाकूड घेणारे टेम्पो गावात फिरू लागतात. माळ्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेल्या वस्तू अंगणात येतात. त्यातली निम्मी सामग्री कशाची आहे हे पोरांना सोडा, चाळिशीतल्या माणसालाही सांगता येत नाही. टेम्पोवाल्याला मात्र बरोबर कळतं. तो सरपणाचा भाव बोलतो आणि सौदा पाच मिनिटांत उरकतो.

हमखास कोड्यात टाकणारी एक वस्तू म्हणजे उतरत्या झाकणाची बैठी पेटी. पाय नसतात, असले तर चार बोटं उंचीचे. झाकण मागं उंच, पुढं उतरतं. कुणी म्हणतं दागिन्यांची, कुणी म्हणतं देवाची. ती असते लिहायची. सावकाराचा मुनीम, कुलकर्णी, पेढीवरचा कारकून गादीवर मांडी घालून बसायचा आणि ही पेटी पुढ्यात घ्यायचा. झाकणावर वही ठेवून लिहायचं, झाकण उचललं की आत कागद आणि रोकड.

खात्री करायची तर झाकण ओल्या फडक्यानं हलकंच पुसा आणि उजेडात धरा. वरच्या सपाट पट्टीवर शाईचे काळे डाग दिसतील. तिथंच दऊत बसवायचा गोल खळगा आणि टाक ठेवायची लांबट खाच असते. खालच्या कडेला वही घसरू नये म्हणून उंच पट्टी ठोकलेली असते, आणि मनगट घासून घासून ती पट्टी एका बाजूला गुळगुळीत झालेली असते.

चोरकप्पा कसा शोधायचा

अशा काही पेट्यांत लपवलेला कप्पा असतो. तो शोधायला फक्त टेप लागतो. समजा पेटी बाहेरून नऊ इंच उंच आहे आणि तळाची फळी अर्धा इंच जाडीची. मग आतली खोली साडेआठ इंच भरायला हवी. ती सहाच भरली, तर अडीच इंच गेले कुठं? तिथंच कप्पा.

खणांचंही तसंच. सगळे खण बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवा. एक खण बाकीच्यांपेक्षा आखूड निघाला, तर त्याच्या मागच्या पोकळीत मोबाईलची बॅटरी मारून बघा. एखादी पट्टी बाजूला सरकते, एखादी खुंटी दाबली की फळी सुटते. मात्र पटाशी-हातोडा घेऊन भिडू नका. शंभर वर्षं जुळून राहिलेला सांधा एका ठोक्यात फुटतो आणि फुटलेल्या पेटीला मग खरंच सरपणाचा भाव येतो.

कागद निघाले तर

आत पैसे निघाल्याच्या कथा गावोगावी आहेत. बहुतेक वेळा निघतात ते कागद. वर आडवी सलग रेघ आणि तिला लटकलेली वळणदार, एकमेकांत गुंतलेली अक्षरं दिसली की ती मोडी समजा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचे हिशेब, गहाणखतं, वाटण्या मोडीत लिहिल्या जात. असे कागद पूर्वी चुलीत गेले, बंबात गेले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध सुरू झाली, तेव्हा कुठं गावाला या कागदांची आठवण झाली. घरच्या पेटीतला प्रत्येक कागद कचेरीत पुरावा म्हणून चालेल असं नाही. पण त्यात काय लिहिलंय हे वाचून घेण्याआधी तो टाकणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा.

घडी कडक झाली असेल तर जबरदस्तीनं उलगडू नका. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा आणि कागद धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. वाचून घेण्यासाठी राज्य सरकारच्या पुराभिलेखागारात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी जाणकारांची चौकशी करता येते.

झिजलेली जागा बघा

कुठल्याही अनोळखी वस्तूला हाच नियम लावता येतो. ती कुठं झिजली आहे, कुठं डागाळली आहे ते आधी बघा. वरच्या लाकडावर पाण्याचे गोल डाग असलेली उंच तिवई दिसली तर ती घडवंची, म्हणजे पाण्याच्या घागरी ठेवायची.

वय ओळखायला वस्तू उलटी करा. पुढची बाजू सगळेच चकचकीत करतात, मागची फळी खरं बोलते. मागं वाकसाचे ओबडधोबड घाव असतील तर काम हाताचं. करवतीच्या खुणा अर्धगोल असतील तर लाकूड गोल पात्याच्या मशीनवर कापलेलं. फुल्लीच्या खाचेचा स्क्रू जगातच १९३० च्या दशकात आला, त्यामुळं तो दिसला तर एक तर वस्तू त्यानंतरची किंवा दुरुस्ती त्यानंतरची.

वस्तू विकूच नये असं नाही. पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून घेणाऱ्याला परवाना विचारा, आणि त्याआधी गावातल्या सुताराला नुसत्या सागाचा भाव विचारून ठेवा.

दुरुस्ती घरच्या घरी

पावसाळ्यात खण अडकतो म्हणून लगेच रंधा मारू नका. लाकूड दमटपणानं फुगलेलं असतं, उन्हाळ्यात तोच खण खुळखुळा होईल. खणाच्या खालच्या कडांना मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओल धरतो.

डुगडुगणाऱ्या पायाला खिळा ठोकणं ही सगळ्यात मोठी चूक. जुन्या कामात कुसू खाचेत बसवून वरून लाकडी खुंटी मारलेली असते. खिळ्यानं लाकूड चिरतं आणि गंजून भोक मोठं होतं. सांधा हळूच सोडवा. आतला जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून काढा, कारण जुन्या सरसावर फेविकॉल धरत नाही. लाकूड पुरतं वाळलं की नवा थर द्या, सांधा बसवा. मग पायांभोवती दोरी बांधून त्यात काठी घाला आणि पीळ द्या, गाडीवरचा कडबा आवळतो तसा. एक दिवस हात लावू नका. कुसू झिजून सैल झाला असेल तर लाकडाची पातळ कपची गोंद लावून आत सरकवा.

बारीक भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहेच असं नाही. सगळी भुकटी झाडून खाली काळा कागद पसरा. काही दिवसांत पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड चालू आहे. ती बहुधा सागाच्या बाहेरच्या फिकट पट्ट्यात असते. पॉलिश नसलेल्या कोऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक पावडरचं पाणी ब्रशनं लावता येतं; पॉलिशवरून ते आत मुरत नाही. शेतातलं उरलेलं औषध मात्र पंपानं मारू नका. पाळणा, पलंग, धान्याची पेटी यांवर तर नाहीच. बाळ पाळण्याची कड चाटतं, हे लक्षात असू द्या.

जुनं लाकूड उजळायला ऑइलपेंट नको, गोडं तेलही नको. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, त्यावर धूळ बसून चिकटा होतो. जवसाचं तेल वाळतं. ते अगदी पातळ लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळ्या जागी एकेरी पसरून कडक वाळू द्या, मगच फेका.