दोरी ओढल्यावर कोण येते?

कर्मचाऱ्यांना अधिकार द्यायचे म्हणजे साहेबाने बाजूला व्हायचे, असा एक समज आहे. 'तुम्हीच ठरवा, माझा पूर्ण विश्वास आहे' असे बैठकीत जाहीर होते आणि काही दिवसांत सगळ्या फायली पुन्हा साहेबाच्याच टेबलावर येऊन पडतात. मग 'आपल्या लोकांना जबाबदारी नकोच असते' हा दुसरा समज पक्का होतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टच्या मोटार कारखान्याचा इतिहास पाहिला तर दोन्ही समज टिकत नाहीत. जनरल मोटर्सने हा कारखाना १९८२ मध्ये बंद केला, तेव्हा तिथली गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास होती आणि कामगार-व्यवस्थापन वैर तर वाहन उद्योगात कुप्रसिद्ध होते. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो 'नुमी' या नावाने पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच होते, त्यांची संघटनाही जुनीच. तरी गैरहजेरी ३ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांशी तुलना करण्याजोगा झाला. माणसे तीच असताना दोष त्यांच्या वृत्तीवर कसा ढकलणार? 'हे जपान्यांनाच जमते' हा आक्षेपही याच उत्तराने निकालात निघतो.

बदलली ती कामाची व्यवस्था. पूर्वी काहीही बिघडले तरी जुळणीची लाइन थांबवायची नाही असा दंडक होता. सदोष गाडी पुढे जायची आणि दुरुस्ती शेवटी व्हायची. नुमीत अडचण दिसताच कोणत्याही कामगाराने डोक्यावर टांगलेली दोरी ओढावी अशी अपेक्षा होती. ओढली की कारखाना ठप्प, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आधी दिवा लागतो आणि गटप्रमुख धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत सरकायच्या आत दोष निघाला तर लाइन चालूच राहते, नाही तर थांबते. म्हणजे हा एकट्याने निर्णय घेण्याचा अधिकार नव्हता. मदत मागण्याचा होता, आणि ती लगेच मिळण्याची हमी त्याला जोडलेली होती. त्यासाठी पाच-सहा जणांमागे एक गटप्रमुख नेमावा लागला. साहेबाचे काम यात कमी होत नाही, उलट वाढते. अधिकार फुकटात वाटायला निघालेल्या व्यवस्थापनांना हा खर्च सहसा दिसत नाही.

नियम आले की स्वातंत्र्य गेले, हा समज तर सुशिक्षितांतही पक्का आहे. नुमीत कामाची प्रत्येक हालचाल लिहून ठरवलेली होती. पण, संशोधक पॉल ॲडलर यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले त्याप्रमाणे, स्टॉपवॉच हातात घेऊन ती मोजत होते कामगार स्वतः, आणि अधिक चांगली रीत सापडली की ती बदलतही होते. नियम किती आहेत यापेक्षा ते कोण बनवतो आणि कोणाला बदलता येतात, हे पाहायला हवे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: दोन वर्षांच्या बेकारीने पोळलेली माणसे शिस्तीत वागणारच. भीतीने माणूस वेळेवर येईल, हे खरे. पण घाबरलेला माणूस दोष झाकतो. सगळ्यांदेखत दिवा लावून 'माझ्याकडून चुकले' असे सांगत नाही. त्यासाठी नोकरी जाणार नाही याची खात्री लागते. १९८८ च्या सुमारास मागणी घटून कारखाना निम्म्याहून थोड्याच अधिक क्षमतेने चालत होता, तेव्हा नुमीने कोणाला घरी बसवले नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षणाला आणि सुधारणांच्या कामाला लावले. जनरल मोटर्सने नुमीची पद्धत त्याच राज्यातल्या व्हॅन नाईसच्या कारखान्यात नेली. दोरी तिथेही टांगली गेली, पण वरिष्ठांचा हिशेब 'आज गाड्या किती निघाल्या' एवढाच राहिला, आणि दोरी ओढणाऱ्याकडे लोक रागानेच पाहत. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला.