चंचल मूल आणि औषधाची गोळी

वर्गांत क्षणभरहि स्वस्थ न बसणारें, उदाहरण अर्धवट टाकून खिडकीबाहेर पाहणारें मूल प्रत्येक शाळेंत असतें. अशा मुलास ‘व्रात्य’ वा ‘आळशी’ म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु त्यांपैकीं कांहींचा हा दोष स्वभावाचा नसून मेंदूच्या घडणीचा असतो. डॉक्टर त्यास एडीएचडी म्हणतात. त्यावर उत्तेजक औषध सुचविलें जातांच पालक दचकतात. आधींच चंचल असलेल्या मुलास उत्तेजक कसें चालेल? आणि त्याची चटक लागली तर?

या औषधाचा गुण योगायोगानें कळला. अमेरिकेंत ऱ्होड आयलंड येथील एका बालरुग्णालयांत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनीं तपासणीनंतर मुलांचें डोकें दुखे म्हणून बेंझेड्रिन देऊन पाहिलें. डोकेदुखी फारशी थांबली नाहीं, पण कित्येक मुलें मन लावून अभ्यास करूं लागलीं. १९३७ सालीं त्यांनीं ३० मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. सुमारें निम्म्या मुलांची अभ्यासांत ठळक प्रगति झाली होती. मुलें त्यांस ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणूं लागलीं!

याचें कारण असें. मनास आवर घालणारा मेंदूचा भागच या मुलांत पुरेसा जागा नसतो. हल्लीं वापरांत असलेलें मेथिलफेनिडेट तेथें डोपामिन व नॉरॲड्रेनलिन या द्रव्यांचें कार्य वाढवितें. सारथी पेंगत असला म्हणजे घोडे उधळतात; तो जागा होतांच तेच घोडे वाटेवर येतात.

दुसरी शंका निराधार नाहीं. या औषधानें भूक मंदावते, झोप उशिरा लागते. म्हणून डॉक्टर उंची, वजन, नाडी व रक्तदाब वेळोवेळीं पाहतात. गैरवापरानें चटक लागूं शकते, यास्तव तें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून मिळूं नये असा कायदा आहे. परंतु योग्य देखरेखीखालीं, ठरलेल्या प्रमाणांत घेतल्यास हा धोका अल्प असतो. मात्र परीक्षेपुरती मित्राची गोळी मागून घेणें सर्वथा वर्ज्य होय, हें विद्यार्थ्यांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

आमच्या वर्गांत असा एक मुलगा होता. आम्हीं त्यास वर्षभर बाकावर उभें केलें. पुढें निदान झालें, पण ‘लोक वेडा म्हणतील’ या भयानें वडिलांनीं औषध नाकारलें. अखेर आईच्या आग्रहानें तें सुरू झालें. कांहीं आठवड्यांनीं गणिताचें एक पान प्रथमच पुरें करून त्यानें आमच्यापुढें ठेविलें व विचारलें, “सर, मी आधीं वाईट होतों का?” आमची मान खालीं गेली.

गोळीनें मन थाऱ्यावर येतें. पाढे, शिस्त आणि माया हीं आपणांसच द्यावीं लागतात. तें प्रत्येक मुलास लागू पडेलच असेंहि नाहीं. पण शुभवर्तमानकार लूक हा स्वतः वैद्य होता. तेव्हां प्रार्थना आणि औषध यांत वैर मानूं नये. पालकहो, निर्णय डॉक्टरांशीं बोलून घ्या, लोकलज्जेस विचारून नव्हे.