हिम आणि अग्नी ह्यांच्या मधली वाट

उत्तर अटलांटिक महासागरात, आर्क्टिक वृत्ताच्या थोडेसे खाली, आइसलंड हे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांश. लोकवस्ती मात्र चार लाखांच्याही आत. महासागराच्या तळाशी दडलेली एक प्रचंड पर्वतरांग येथे पाण्यावर डोके काढते, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर ह्या गतीने एकमेकांपासून दूर सरकत असतात. त्या भेगेतून वर येणारा तप्त रस थिजून झालेला काळा पाषाण महाराष्ट्रातल्या वाचकाला परका वाटू नये. वेरूळची लेणी ज्या बेसाल्टात कोरलेली आहेत, त्याच जातीचा हा खडक. फरक वयाचा आहे. दख्खनचा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर येथला काही काल-परवाचा.

ह्या बेटाभोवती फिरणारा ‘वर्तुळमार्ग’ सुमारे १,३२० किलोमीटर लांबीचा आहे. आज प्रवासी तो मोटारीने आठ-दहा दिवसांत सुखाने पुरा करतात; परंतु १९७४ पर्यंत हे वर्तुळ अपुरे होते. दक्षिण किनाऱ्यावर, वात्नायोकुत्ल ह्या अवाढव्य हिमाच्छादनाच्या पायथ्याशी, हिमनद्यांच्या प्रवाहांनी विंचरलेले एक काळे वालुकामय मैदान आहे. तेथे पूल टिकेल असा भरवसा कोणालाच नव्हता. त्यामुळे आग्नेयेकडील ह्योप्न गावच्या माणसाला राजधानी रेक्याविकला मोटारीने जायचे झाल्यास उत्तरेकडून अख्ख्या बेटाला वळसा घालावा लागे. अखेर सरकारने लॉटरीचे रोखे काढून नागरिकांकडूनच पैसा उभा केला, आणि बेटावरील वसाहतीला अकराशे वर्षे पूर्ण झाल्याच्या त्या वर्षी पूल खुला झाला.

आपण रेक्याविकहून पूर्वेकडे निघू. शहर मागे पडते न पडते तोच माळावर जमिनीतून वाफेचे लोट उठताना दिसतात. ह्याच भूगर्भातील उष्णतेवर राजधानीतील घरे उबदार राहतात. पुढे सेल्यालान्सफॉस आणि स्कोगाफॉस हे सुमारे साठ मीटर उंचीचे दोन धबधबे लागतात. पहिल्याच्या मागून पाऊलवाट जाते, त्यामुळे पाण्याच्या पडद्याआडून बाहेरचे हिरवे कुरण न्याहाळता येते. कोकणात पावसाळा पाहिलेल्यांनाही हे दृश्य नवे वाटेल.

ह्या दोहोंच्या माथ्यावर एयाफ्यात्लायोकुत्ल हे हिमाच्छादित ज्वालामुखी शिखर आहे. १४ एप्रिल २०१० रोजी त्याच्या माथ्यावर उद्रेक झाला, त्याची राख यूरोपच्या आकाशात पसरली आणि जवळजवळ आठवडाभर विमाने जमिनीला खिळून राहिली. जगाने एवढेच वाचले. त्या दिवशी इकडे खाली काय घडले, ते अधिक लक्षणीय आहे. वितळलेल्या बर्फाचा लोंढा नदीवरील पुलाकडे येत असताना तो पूल वाचावा म्हणून ह्याच राजमार्गाला यंत्राने जागोजागी चर पाडण्यात आले आणि पाण्याला वाट करून दिली गेली. रस्ता वाहून गेला, पूल राहिला. आणि रस्ता पुन्हा बांधणे सोपे असते.

व्हीक हे पुढचे लहानसे गाव. त्याच्या पाठीशी हिमाखाली कात्ला हा ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ साली झाला. टेकडीवरचे चर्च प्रवासी हौसेने पाहतात. गावकऱ्यांच्या लेखी मात्र पूर आल्यास जमायचे ते ठिकाण आहे.

व्हीकनंतर कित्येक किलोमीटर रस्ता करड्या-हिरव्या शेवाळाने झाकलेल्या खडबडीत लाव्हामधून जातो. पायाखाली गादी अंथरल्यासारखे वाटणारे हे शेवाळ १७८३ सालच्या लाकी उद्रेकावर उगवलेले आहे. सत्तावीस किलोमीटर लांबीची भेग आठ महिने धुमसत होती. लाव्हापेक्षाही घातक ठरले ते विषारी वायू. गवत विषारी झाले, तीन-चतुर्थांश मेंढ्या मेल्या, आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात देशातला प्रत्येक पाचवा माणूस दगावला. लाव्हा चर्चच्या दिशेने येत असता योन स्टाइनग्रिमसन ह्या धर्मगुरूने भाविकांना आत घेऊन प्रार्थना चालू ठेवली आणि लाव्हा गावाअलीकडे थांबला, अशी हकीकत आहे. श्रद्धाळू श्रेय प्रार्थनेला देतात; इतर जण नद्यांच्या पाण्याने तो थिजला असे म्हणतात. माणसे मात्र दारे उघडून पळाली नाहीत, एवढे दोघांनाही मान्य असावे.

आता ते काळे मैदान येते. ३० सप्टेंबर १९९६ रोजी वात्नायोकुत्लच्या पोटात उद्रेक झाला. बर्फ वितळले, पण पाणी लगेच बाहेर आले नाही. ते हिमाखालच्या सरोवरात साचत राहिले. लोक पाच आठवडे वाट पाहत राहिले. ५ नोव्हेंबरला हिमनदी आतून जणू उचलली गेली आणि सेकंदाला सुमारे पन्नास हजार घनमीटर पाणी, घरांएवढे हिमखंड वाहत, मैदानावर उतरले. एक पूल पार वाहून गेला, तर १९७४ च्या मोठ्या पुलाचा काही भाग तुटला. प्राणहानी मात्र झाली नाही. काही आठवड्यांतच तात्पुरता मार्ग तयार झाला. पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही रस्त्याकडेला ठेवलेल्या आहेत. आणखी गंमत अशी की, हिमनदी मागे हटल्यामुळे २००९ मध्ये नदीनेच आपला मार्ग बदलला, आणि देशातला तो सर्वांत लांब पूल कोरड्या वाळूवर उभा राहिला.

पुढे एराइवी हा मुलूख लागतो. १३६२ च्या उद्रेकात येथली समृद्ध वस्ती नष्ट झाली आणि प्रदेशाला ‘ओसाड भूमी’ ह्या अर्थाचे हे नाव मिळाले. आज येथे पुन्हा शेते आहेत.

त्यापुढे योकुल्साउर्लोन हे हिमखंडांचे सरोवर. विसाव्या शतकाच्या आरंभी ते नव्हतेच. हिमनदी मागे सरली तसे १९३०-४० च्या सुमारास ते साकारू लागले. आज त्याची खोली दोनशे मीटरांहून अधिक आहे, आणि ते अद्याप वाढतेच आहे. निळे-पांढरे हिमखंड सरोवरातून समुद्राकडे निघतात. त्यांच्या वाटेवर १९६७ साली बांधलेला एकपदरी पूल आहे. समोरून मोटार येत असली की थांबावे लागते, आणि तेवढ्यात खालून एखादा हिमखंड हळूच समुद्राकडे निघून जातो.