‘मॉर्फिन’ : शब्दाचा अर्थ आणि औषधाचा उपयोग



शब्दाचा अर्थ चुकला तर परीक्षेंत एखादा गुण जातो, एवढीच आम्हां शिक्षकांची समजूत असते. परंतु अर्थ चुकल्यामुळें माणसाला चार रात्री तळमळत काढाव्या लागतात, हें मीं स्वतःच्या घरांत पाहिलें आहे. माझ्या वडील बंधूंना कर्करोग झाला होता. रोग हाडांत उतरल्यावर डॉक्टरांनीं मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. वहिनींनीं चौकशी केली, तेव्हां कोणी सांगितलें कीं, ही तर अफू! झालें, गोळ्या कपाटांत राहिल्या. ‘दादांना या वयांत व्यसन नको’, असें घरांतल्या सर्वांचें मत पडलें आणि त्यांत माझेंही होतें. त्या एका शब्दाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम नांवाचा विचार करूं. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चिरा पाडल्या म्हणजे जो चीक स्रवतो आणि वाळून घट्ट होतो, ती अफू. ग्रीक भाषेंत रसाला ‘ओपॉस’ म्हणतात. त्यापासून ‘ओपिऑन’ झालें, त्याचें अरबींत ‘अफ्यून’ झालें आणि आपली ‘अफू’ त्याच कुळांतली. वैद्यक ग्रंथांतील ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, हाही त्याच परक्या शब्दाला चढविलेला संस्कृत पोशाख होय.

अफूच्या चिकांत अनेक द्रव्यें असतात. त्यांपैकीं वेदना शमविणारें मुख्य द्रव्य साधारणपणें दहावा हिस्सा भरतें. जर्मनींतील पाडरबॉर्न गांवीं औषधशाळेंत काम करणाऱ्या फ्रीडरिख झेर्ट्युर्नर या तरुणानें तें वेगळें काढलें व १८०५ सालीं त्याविषयीं लिहिलें. त्या वेळीं फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें त्यानें तें स्वतःवर व तीन तरुणांवर अजमाविलें. मात्रा अधिक झाल्यानें चौघांनाही विषबाधा झाली! १८१७ सालीं त्याचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. मॉर्फियस या ग्रीक स्वप्नदेवतेवरून त्यानें ‘मॉर्फियम’ हें नांव दिलें आणि फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यानें त्याचें ‘मॉर्फिन’ केलें. तात्पर्य, नांव स्वप्नाच्या देवाचें असलें तरी काम वेदना शमविण्याचें आहे. मेंदूंत व पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत वेदनेचा निरोप पोंचविणाऱ्या पेशींवर तें परिणाम करतें आणि तो निरोप क्षीण होतो.

याच वर्गाचे दोन शब्द डॉक्टरांच्या तोंडीं येतात. खसखशीच्या झाडापासून मिळणारीं मॉर्फिन, कोडीन हीं द्रव्यें ‘ओपिएट’ होत. त्याच रीतीनें काम करणारीं सर्वच द्रव्यें, मग तीं पेथिडीन किंवा फेंटानिल यांसारखीं प्रयोगशाळेंत तयार केलेलीं कां असेनात, ‘ओपिऑइड’ होत. ‘अफूसदृश’ असा त्याचा सरळ अर्थ.

तिसरा शब्द ‘नार्कोटिक’. हा ग्रीक ‘नार्के’, म्हणजे बधिरता, यापासून आला आहे. १९८५ च्या कायद्याच्या मराठी नांवांत त्याला ‘गुंगीकारक औषधिद्रव्यें’ म्हटलें आहे, तर वर्तमानपत्रें ‘अंमली पदार्थ’ म्हणतात. घोटाळा येथेंच होतो. एकच शब्द चोरट्या व्यापारालाही लागतो आणि रोग्याच्या गोळीलाही लागतो. परंतु हा कायदा वैद्यकीय उपयोगाला मनाई करीत नाहीं. उलट २०१४ सालीं त्यांत दुरुस्ती झाली, ती अशीं औषधें रोग्यांना सुलभतेनें मिळावीं म्हणूनच. मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशांत सरकारी परवान्यानें अफू पिकते आणि नीमच व गाझीपूर येथें सरकारी कारखाने आहेत.

आतां व्यसनाची भीति. कांहीं आठवडे मॉर्फिन घेतल्यावर शरीर त्याला सरावतें, म्हणून तें एकाएकीं बंद न करतां हळूहळू कमी करावें लागतें. हा सराव म्हणजे व्यसन नव्हे. अपाय होत असतांनाही त्या द्रव्यामागें मन धांवत राहणें हें व्यसन. कर्करोगाच्या वेदनेवर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घेणाऱ्यांत तें क्वचितच आढळतें.

म्हणून औषध निरुपद्रवी आहे असें मात्र समजूं नये. मात्रा अधिक झाल्यास श्वास मंदावतो व प्राणावर बेततें. बहुतेकांना मलावरोध होतो, म्हणून सोबत सारक देतात. गोळ्या कुलुपांत ठेवाव्या, दुसऱ्याला देऊं नयेत आणि मात्रा आपल्या मनानें बदलूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालीं कर्करोगाच्या वेदनेसाठीं जी पद्धति सांगितली, तींत शक्य तेथें औषध तोंडानें आणि घड्याळाप्रमाणें द्यावें असें आहे. साध्या गोळीचा परिणाम सुमारें चार तास टिकतो. वेदना असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी देणें म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणें होय. शिवाय मॉर्फिन लिहून दिलें म्हणजे अखेर आली, हीही समजूत खरी नव्हे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही तें देतात.

पांचव्या दिवशीं डॉक्टर घरीं आले. कपाटांतील गोळ्या पाहून ते रागावले नाहींत. अर्धा तास बसून त्यांनीं हेंच सर्व आम्हांला समजावून सांगितलें. त्या रात्रीं दादांना झोप लागली. दोन दिवसांनीं त्यांनीं उशाला टेकून बसत वर्तमानपत्र मागितलें. पुढचे दोन महिने ते आमच्याशीं बोलत होते, नातवाचीं गणितें तपाशीत होते. त्या चार रात्री मात्र मला त्यांना परत देतां आल्या नाहींत.

आपल्या घरीं असा प्रसंग आला तर शब्दाला भिऊन गोळी कपाटांत ठेवूं नका. शंका असेल ती डॉक्टरांना त्याच दिवशीं विचारा.